फोर बाय फोर घ्यायची की टू-व्हील ड्राईव्हवर भागवायचं? पहिली ऑफरोड गाडी बांधणाऱ्यांसाठी

ऑफरोडसाठी गाडी बांधायची म्हटली की नवखा माणूस पहिला फोन गाडी उंच करणाऱ्या लिफ्ट किटवाल्याला करतो, दुसरा पुढे लोखंडी बुलबार ठोकणाऱ्याला. पुढची चाकं इंजिनाला जोडलेली आहेत की नाहीत हा प्रश्न त्याला तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पडतो, गाडी कुठेतरी पोटावर बसल्यावर. तोवर पैसे संपलेले असतात. म्हणून इथे क्रम उलटा घेतलाय. आधी ड्राईव्ह, मग टायर, मग उरलेलं सगळं.

माझ्याकडे सहा वर्षं जुनी टू-व्हील ड्राईव्ह डिझेल पिकअप होती, आता फोर बाय फोर आहे. दोन्हींत मी रुतलोय. फरक इतकाच की पहिलीत लवकर रुतायचो, आणि दुसरीत रुतलो की बाहेर काढायला ट्रॅक्टर मोठा लागतो.

पायरी १ : आधी जमीन ओळखा

एक कागद घ्या. गेल्या वर्षभरात डांबर सोडून गाडी जिथे जिथे नेली, किंवा न्यायची होती पण धीर झाला नाही, त्या जागा लिहा. लडाख लिहू नका, तिकडचे हमरस्ते साध्या हॅचबॅकही चढून येतात. प्रत्येक जागेपुढे जमीन कसली आणि महिना कोणता ते लिहा. निम्मा निर्णय या कागदावरच होतो.

कोरडा मुरूम असेल तर टू-व्हील ड्राईव्ह पुरते. धरणामागच्या वाड्यांना, पवनचक्क्यांच्या पठारांवर जाणारे रस्ते बहुतेक असेच असतात. तिथे दुधाची पिकअप रोज पहाटे जाते, आणि ती काही फोर बाय फोर नसते. या रस्त्यांवर लागतात दणकट पाटे, बरे टायर आणि घाई नसलेला ड्रायव्हर.

काळ्या मातीचं प्रकरण वेगळं. मराठवाडा, सोलापूर, विदर्भातली ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पहिल्या मोठ्या पावसात फुगते आणि मग टायरला चिकटायला लागते. पहिल्या शंभर फुटांत टायरच्या खाचा भरतात, पुढच्या शंभर फुटांत टायरचं लाटणं होतं. फोर बाय फोर असेल तर दोनऐवजी चार लाटणी, एवढाच फायदा. मी एकदा मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये माती इतकी दाटलेली पाहिली की चाक फिरायचंच थांबलं होतं. खुरप्याने खरवडून काढायला पाऊण तास गेला. शेतकरी वाफसा आल्याशिवाय रानात ट्रॅक्टर घालत नाही. आपणही घालू नये. वाफशाची वाट पाहणं कुठल्याही ॲक्सेसरीपेक्षा स्वस्त पडतं.

कोकणातला जांभा खालून घट्ट असतो आणि पावसाळ्यात वरून शेवाळलेला. इथे प्रत्येक चाकाला थोडी थोडी पकड मिळते, पण एकट्या मागच्या जोडीला चढ चढण्याइतकी मिळत नाही. हीच थोडी थोडी पकड चार चाकांकडून गोळा केली की गाडी निघते. फोर बाय फोरचा उपयोग डोळ्यांना दिसतो तो अशा जागी. ओढ्यातले गोटे आणि पायऱ्यांसारखा कातळ असेल तर तिथे आणखी वेगळी गोष्ट लागते, ती तिसऱ्या पायरीत येईल.

समुद्राची रेती यादीत लिहिली असेल तर खोडून टाका. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालणं कायद्याने बंद आहे, आपल्याकडेही पोलीस गुन्हा नोंदवतात, आणि भरतीला व्हेरियंट कळत नाही.

पायरी २ : डिफरन्शियल समजून घ्या

टू-व्हील ड्राईव्ह म्हणजे दोन चाकं गाडी ढकलतात, असं आपण धरून चालतो. वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं, म्हणून मध्ये डिफरन्शियल असतो. तो साधा असेल, म्हणजे ओपन, तर दोन्ही चाकांना सारखा जोर मिळतो, आणि हा जोर ज्या चाकाची पकड कमी त्याला झेपेल तेवढाच असतो. एक चाक हवेत लोंबकळलं की त्याला काहीच झेपत नाही. मग दुसऱ्याच्याही वाट्याला जवळपास काही येत नाही.

हे मला वेल्ह्याच्या पुढे एका वाडीजवळ समजलं. पिकअप रिकामी होती. चढावर डावं मागचं चाक पावसाने कोरलेल्या चरात उतरलं आणि गरगरायला लागलं. मी खाली उतरून पाहिलं, तर उजवं चाक कोरड्या खडबडीत कातळावर ठाण मांडून बसलेलं. त्याच्याखाली हवी तेवढी पकड होती, पण त्याच्यापर्यंत जोर पोचतच नव्हता. बांधावरून एक म्हातारबाबा हे सगळं बघत होते. म्हणाले, "रिकामी हाय व्हय? मग मागं वजन टाक की. भरलेली असती तर कवाच गेली असती." वाडीतले चौघे हौद्यात, बरोबर मागच्या चाकांच्या वर बसले आणि गाडी निघाली. (माणसं बसवणं चुकीचंच होतं. नंतर मी वाळूची दोन पोती दोरीने आवळून ठेवायला लागलो.)

पिकअप बांधणाऱ्यांनी ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. रिकाम्या पिकअपचं बहुतेक वजन पुढे, इंजिनावर असतं, आणि ढकलायचं काम मागच्या हलक्या चाकांना असतं. जीप किंवा एसयूव्हीपेक्षा रिकामी टू-व्हील पिकअप लवकर अडकते ती यामुळेच.

आता याची दुसरी बाजू. फोर बाय फोरमध्येही दोन्ही डिफरन्शियल ओपन असतील, तर पुढचं एक आणि मागचं तिरक्या कोपऱ्यातलं एक चाक उचललं गेलं की खेळ खलास. चार चाकांची गाडी जागच्या जागी दोन चाकं फिरवत उभी राहते. याला उत्तर म्हणजे लॉकर. तो दोन्ही चाकं एकत्र बांधतो. काही लॉकर बटणाने लागतात, तर काही एका चाकाचा वेग दुसऱ्यापेक्षा फार वाढला की आपोआप लागतात. फोर्स गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे कंपनीचेच लॉकर येतात. जिम्नीत लॉकर नाही, तिथे फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतः ब्रेक लावते आणि जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. हे काम जमतं, पण चाक थोडं फिरू द्यावं लागतं आणि ॲक्सिलरेटर सोडून चालत नाही. नवखे नेमका तिथेच पाय काढतात.

माझं मत असं, की मागचा लॉकर असलेली टू-व्हील ड्राईव्ह आणि लॉकर नसलेली, गुळगुळीत टायरची फोर बाय फोर यांत कोरड्या खाचखळग्यांत मी पहिली घेईन. ओल्यात नाही.

लॉकर नसलेल्या टू-व्हीलवाल्यांसाठी एक जुनी युक्ती. मागचं चाक फिरायला लागलं की हँडब्रेक दोन-तीन दात ओढून हळूच ॲक्सिलरेटर द्या. हँडब्रेक मागच्या चाकांवर असल्याने फिरणाऱ्या चाकाला अटकाव होतो आणि थोडा जोर पलीकडे जातो. दहांत चार वेळा जमतं. अर्थात इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर विसरा.

पायरी ३ : लो-रेंजचा हिशेब करा

फोर बाय फोरसाठी आपण जादा पैसे देतो त्यात माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे ट्रान्सफर केसमधला (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीतला) लो-रेंज, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारी गिअरची जादा जोडी. पुढची चाकं फिरतात हे दुय्यम.

उदाहरण धरू. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ४, डिफरन्शियलचं ३.७. गुणाकार १४.८. म्हणजे इंजिनाच्या पंधराएक फेऱ्यांत चाकाची एक फेरी. लो-रेंज २.५ चा असेल तर तोच आकडा ३७ होतो. इंजिन ८०० आरपीएमवर नुसतं धुगधुगत असेल आणि टायरचा घेर २.३ मीटर असेल, तर साध्या पहिल्या गिअरात गाडी ताशी साडेसात किलोमीटरने जाते, लो-रेंजमध्ये ताशी तीनने. तीन म्हणजे माणसाच्या चालीपेक्षाही हळू. शिवाय चाकाला मिळणारा जोर अडीचपट.

ओढ्यातल्या गोट्यांवर साडेसातचा वेग फार असतो. मग माणूस क्लच अर्धा दाबून गाडी नाचवतो, आणि दहा मिनिटांत तो जळका वास केबिनमध्ये येतो. घाटातल्या ओल्या उतारावर लो-रेंजचा पहिला गिअर टाकला की इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेकवर पाय ठेवायची गरज जवळपास लागत नाही. टू-व्हील ड्राईव्हमध्ये हेच काम ब्रेकने करावं लागतं, ओल्या मातीत चाक लॉक होतं आणि गाडी स्लेजसारखी सरकते.

म्हणून "ऑल-व्हील ड्राईव्ह आहे" एवढं ऐकून फसू नका. शहरी एसयूव्हीत चारही चाकं फिरतात, पण बहुतेकींत लो-रेंज नसतो. चिखलातून निघायला त्या चांगल्या, कातळ चढायला नाहीत. दांड्यावर किंवा डायलवर ४एल लिहिलंय का, ते पाहा.

पायरी ४ : टू-व्हील ड्राईव्हची बाजूही ऐका

अमेरिकेत प्री-रनर नावाचा ट्रकांचा एक आख्खा पंथच आहे. मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात १९६७ पासून लांब पल्ल्याची शर्यत होते. तिच्या आधी मार्ग पाहून यायला स्पर्धक जे ट्रक न्यायचे त्यांवरून हे नाव पडलं. यातले कित्येक टू-व्हील ड्राईव्ह असतात, आणि त्याला कारण आहे. पुढच्या चाकाला शाफ्ट जोडला की त्या शाफ्टच्या जॉइंटला किती कोन झेपतो तेवढंच चाक वर-खाली होऊ शकतं. शाफ्ट नसला तर लांब आर्म टाकून चाकाला कितीतरी जास्त प्रवास देता येतो. ताशी शंभराने खड्डे उडवत जायचं असेल तर पकडीपेक्षा हा प्रवास महत्त्वाचा. वजनही कमी. कॅलिफोर्निया-ॲरिझोनात राहणाऱ्या आपल्या मंडळींनी तिथल्या कोरड्या वाळवंटासाठी ट्रक बांधायचा असेल तर टू-व्हीलचा विचार जरूर करावा. तिथले व्हिडिओ पाहून ताम्हिणीत जुलै महिन्यात तो प्रयोग करू नये.

आपल्याकडे टू-व्हील ड्राईव्हच्या बाजूने बोलतो तो मुख्यतः पैसा. पण किमतीच्या फरकात काय काय येतं ते पाहा. सध्याची थार ऑक्टोबर २०२० मध्ये आली ती फक्त फोर बाय फोर. जानेवारी २०२३ मध्ये मागच्या चाकांवर चालणारी थार आली तेव्हा तिचं डिझेल इंजिन १.५ लिटरचं होतं, फोर बाय फोरचं २.२ लिटरचं. चार मीटरच्या आतल्या गाडीला दीड लिटरपर्यंतच्या डिझेलवर कर कमी बसतो, म्हणून हा घाट. म्हणजे डिझेल घेणारा नुसता पुढचा ॲक्सल सोडत नव्हता, इंजिनही वेगळं घेत होता. पिकअपमध्ये इसुझूची व्ही-क्रॉस दोन्ही ड्राईव्हमध्ये आलेली आहे, टोयोटाची हायलक्स इथे फोर बाय फोरच मिळते. शोरूममध्ये बसून तुलना करताना इंजिन, गिअरबॉक्स, लॉकर आणि टायरचं माप या चार ओळी समोरासमोर लिहून घ्या. सेल्समन "बाकी सगळं सेम आहे" म्हणेल.

यादीतल्या दहा जागांपैकी आठ कोरड्या मुरमाच्या असतील, उरलेल्या दोन वर्षातून एकदाच जायच्या असतील आणि तेव्हा सोबत मित्राची फोर बाय फोर असणार असेल, तर टू-व्हील घ्या आणि वाचलेले पैसे टायर-लॉकरवर घाला. शेतावर, साइटवर रोज जाणाऱ्यांनाही माझा हाच सल्ला. एकट्याने, पावसाळ्यात, सह्याद्रीत फिरायचं असेल तर फोर बाय फोर, आणि तीही लो-रेंजवाली.

पायरी ५ : "नंतर फोर बाय फोर करून घेऊ" हा विचार सोडा

प्रत्येक गॅरेजात एक मिस्त्री असतो जो म्हणतो, "साहेब, आणा, करून टाकू." करून टाकायचं म्हणजे ट्रान्सफर केस, पुढचा ॲक्सल किंवा डिफरन्शियल, पुढचा प्रोपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस, हब, कधी चासीवर नवे ब्रॅकेट, आणि नव्या गाड्यांत इसीयूची, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची, समजूत काढणं. पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर जुळलं नाही तर फोर बाय फोर टाकल्या टाकल्या दोन ॲक्सल एकमेकांशी भांडायला लागतात. खर्च दोन व्हेरियंटांच्या फरकाच्या पुढे सहज जातो.

वर कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेल्या मूळ वैशिष्ट्यांत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते अधोरेखित केलं. बुलबारबद्दल केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे. अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच पाहते. तेव्हा जे हवं ते कारखान्यातून बसून आलेलं घ्या.

पायरी ६ : जुनी फोर बाय फोर घेताना

जुन्या बाजारात चांगल्या गाड्या आहेत, पण फोर बाय फोरचा दांडा वर्षानुवर्षं न हललेल्या गाड्याही तितक्याच आहेत.

आधी गाडीखाली झोपा आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे पुढच्या ॲक्सलला जोर नेणारा दांडा, जागेवर आहे का पाहा. हसू नका. ॲव्हरेज वाढावं म्हणून तो काढून ठेवलेल्या गाड्या मी दोनदा पाहिल्यात. एकाने तो माळ्यावर ठेवला होता, दुसऱ्याला कुठे गेला ते आठवत नव्हतं. मग मोकळ्या मातीवर नेऊन ४एच (नेहमीच्या वेगाचा फोर बाय फोर) आणि ४एल (लो-रेंजवाला) दोन्ही टाकून बघा. मालक "डांबरावरच बघा ना" म्हणाला तर नको म्हणा. पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरत्या लावायच्या फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, माती असेल तर ती घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते. मग गाडी जखडते, दांडा अडकतो, आणि जोर करत राहिलात तर काहीतरी मोडतं.

डिफरन्शियलचं तेल बोटावर घ्या. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. पुढच्या चाकाजवळचे रबरी बूट फाटलेले असतील तर आतला जॉइंट वाळू खाऊन बसलेला असतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा, कटकट ऐकू येईल.

पायरी ७ : पैसे या क्रमाने घाला

पहिले टायर. डांबर आणि माती दोन्हीकडे चालवायची गाडी असेल तर ऑल-टेरेन. मड-टेरेन चिखलात छान, पण हायवेवर घोंगावतात आणि ओल्या डांबरावर मला त्यांचा भरवसा वाटत नाही. दुसरं, पुढे-मागे चासीला बसवलेले ओढायचे हुक आणि दोर अडकवायच्या दोन लोखंडी कड्या, बो-शॅकल. दोर टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, कधीही अडकवू नका. तो गोळा तुटला तर गोळीसारखा सुटतो. तिसरं, हवेचा कॉम्प्रेसर आणि गेज. चौथा लॉकर, गाडीत नसेल तर.

लिफ्ट किट सगळ्यात शेवटी, लागलीच तर. मागे सलग ॲक्सल असलेल्या गाडीत लिफ्टने बॉडी वर जाते, पण डिफरन्शियलचा भोपळा, म्हणजे ॲक्सलच्या मधला फुगीर डबा, होता तिथेच राहतो, आणि दगड लागतो तो त्यालाच. तो वर उचलायचा तर टायरच मोठा हवा. टायरचा व्यास दोन इंच वाढला की भोपळा एक इंच वर. पण त्यालाही आरटीओची मर्यादा आहे आणि गिअरिंगही जड होतं. पिकअपवाल्यांनी आणखी एक पाहावं. थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४५० मिलिमीटर आहे, व्ही-क्रॉस आणि हायलक्सचा ३०८० च्या वर. बांध ओलांडताना लांब गाडीचं पोट टेकतं. तिथे चार चाकं फिरली काय आणि दोन फिरली काय, चारही अधांतरी. पोटाखाली जाड पत्र्याची स्किड प्लेट बसवून घ्या.

पायरी ८ : पहिला दिवस

एकटे जाऊ नका. ४एच चिखल दिसल्यावर टाका, रुतल्यावर नव्हे. ४एल टाकायचा तर बहुतेक गाड्यांत गाडी थांबवून, न्यूट्रल करून टाकावा लागतो, म्हणून ओढ्याच्या मध्यावर ते सुचून उपयोग नाही. टायरमधली हवा ३२ वरून २० पीएसआयपर्यंत आणा. टायर चपटा होतो, जमिनीवरचा ठसा लांबतो. माझ्या जुन्या टू-व्हील पिकअपने या एका गोष्टीवर असे चढ काढले, की वर उभे असलेले फोर बाय फोरवाले खाली वाकून बघत होते. परत डांबरावर येण्याआधी हवा भरायची. चपट्या टायरने हायवेवर जाणं म्हणजे टायर फोडणंच.

चढ अर्ध्यात सुटला तर गाडी वळवू नका. उतारावर आडवी झालेली गाडी कलंडते. ब्रेक दाबून धरा, रिव्हर्स टाका आणि ज्या रेषेत चढलात त्याच रेषेत सरळ मागे उतरा. क्लच दाबून गाडी मोकळी सोडून देऊ नका.

पाण्यातून गेला असाल तर घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या डिफरन्शियलचा वरचा बोल्ट उघडून तेल पाहा. फोर बाय फोर असेल तर पुढचा आणि ट्रान्सफर केसचाही. तीन बोल्ट, पंधरा मिनिटं.